हॅचबॅकमध्ये दोन अँप: केबल कितीची, अर्थ कुठे, सब किती ओहमवर?

मानपाडा_नाका:
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, तिच्यात म्युझिक सिस्टीम वाढवायची आहे. कंपनीचा टचस्क्रीन तसाच ठेवायचाय, कारण स्टीअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा त्यावरच चालतात. सामान ठरलंय ते असं: पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगळे), मागे कोअ‍ॅक्सिअल. एक चार चॅनलचा एबी क्लास अँप (ॲम्प्लिफायर), ४ ओहमवर ७५ वॅट आरएमएस (सलग देता येणारी पॉवर) गुणिले ४. एक मोनो डी क्लास अँप, ४ ओहमवर ३०० आणि २ ओहमवर ५०० वॅट आरएमएस, त्याखाली चालत नाही. आणि १२ इंची डीव्हीसी (दोन कॉइलवाला) सबवूफर, म्हणजे सब, दोन्ही कॉइल ४ ओहमच्या. दोन्ही अँप डिकीत.

ठाण्यात दुकानांत विचारलं की एकच उत्तर मिळतं: ८ गेजचं तयार किट पुरतं, फ्यूज अँपवर असतोच, अर्थ (मायनसची बॉडीला जोडणी) मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला. तिन्ही गोष्टी खटकतात. केबल किती जाडीची घ्यावी, अर्थ नेमका कुठे द्यावा आणि सबच्या कॉइल पॅरलल जोडाव्यात की सिरीज? आकड्यांसकट सांगाल तर उपकार होतील.

बारा_व्होल्ट:
आधी करंट काढा, मग केबल आपोआप ठरते. एबी क्लास पूर्ण जोरावर साधारण ६० टक्के कार्यक्षम धरा. ३०० वॅट बाहेर पडायला ५०० वॅट आत जायला हवेत, इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला ते होतात ३६ अँपिअर. डी क्लास ८० टक्के धरला तर ५०० वॅटसाठी ६२५ आत, म्हणजे ४५ अँपिअर. एकूण ८१.

बॅटरी ते डिकी वळणं धरून ५ मीटर होतात. शुद्ध तांब्याच्या ८ गेजमध्ये, म्हणजे साधारण साडेआठ स्क्वेअरमध्ये (चौरस मिमी), एवढ्या करंटला ०.८ व्होल्ट केबलमध्येच जातात. १६ स्क्वेअरमध्ये ०.४३ आणि २५ स्क्वेअरमध्ये ०.२८. तुमच्यासाठी २५ स्क्वेअर. तयार किटमधली तार बहुतेक वेळा सीसीए असते, वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. तिची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६५ टक्के, त्यामुळे तसल्या ८ गेजमध्ये सव्वा व्होल्टच्या वर घट. खोक्यावर ‘१५०० वॅट किट’ छापलेलं असलं तरी आत स्क्वेअर किती हेच पाहायचं.

कोपरी_कट्टा:
इतकं जाड कशाला? ८१ अँपिअर साइन वेव्हला लागतात. गाणं म्हणजे साइन वेव्ह नव्हे. सरासरी करंट तिसरा हिस्सासुद्धा नसतो. १६ स्क्वेअर तांबं भरपूर झालं.

बारा_व्होल्ट:
सरासरीबद्दल सहमत, तापण्याच्या हिशेबात १६ स्क्वेअर चालेल. पण व्होल्टेज सरासरीला पडत नाही, ढोलाच्या ठोक्याला पडतं, आणि नेमक्या त्याच क्षणी अँपला करंट हवा असतो. तिथे व्होल्टेज बसलं की आउटपुट लवकर क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं कापली जातात. दोन जाडींतला किमतीचा फरक एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे आणि कार्पेट परत उचलायचं काम मोठं आहे. एकदाच २५ टाका.

तुर्भे_एमआयडीसी:
केबलसाठी कार ॲक्सेसरीजच्या दुकानातच जायला हवं असं नाही. एमआयडीसीतल्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात तांब्याची वेल्डिंग केबल १६, २५, ३५, ५० स्क्वेअरमध्ये मीटरवर मिळते. बारीक तारांची, लवचिक, वरचं रबर तेल आणि उष्णता सहन करतं. फक्त ‘तांब्याची’ असं ठासून सांगा, कारण ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही तिथेच शेजारी लटकत असते. ओळखायचं कसं: एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर तांबं नाही. वजनही सांगतं, तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७.

शेवटाला २५ स्क्वेअरची टिन केलेली तांब्याची थिंबलं (केबलच्या टोकाला दाबायचे भोकवाले लग), बॅटरीकडे ८ मिमी भोकाची आणि बाकी बोल्टच्या मापाप्रमाणे. क्रिम्पिंग हायड्रॉलिक टूलनेच करून घ्या, दुकानदार तिथल्या तिथे दाबून देतात. हातोडीने ठोकलेलं थिंबल आतून पोकळ राहतं आणि महिन्याभरात गरम व्हायला लागतं. थिंबलात कथील ओतू नका. कथील केबलमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि गाडीच्या हादऱ्याने नेमका तिथे तुटतो. वर हीट श्रिंक, लाल आणि काळी.

मृदुला_बेलापूर:
फ्यूजबद्दलचा गैरसमज आधी काढायला हवा. अँपवरचा फ्यूज अँपसाठी असतो. बॅटरीजवळचा फ्यूज केबलसाठी असतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार पत्र्याच्या कडांवरून जाते. कुठेही साल निघून तार बॉडीला टेकली तर अँपवरच्या फ्यूजला पत्ताही लागणार नाही, आणि बॅटरी शेकडो अँपिअर ओतत राहील. गाडी तिथून पेटते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंमीच्या आत, जितका जवळ तितका चांगला. एएनएल किंवा मिनी एएनएल (बोल्टने कसायचा पट्टीचा फ्यूज), ८० अँपिअरचा, झाकण असलेल्या होल्डरमध्ये. काचेच्या नळीचा फ्यूज या करंटला नको, त्याची टोकंच तापतात.

फायरवॉलमधून केबल न्यायला आधीचं रबरी ग्रोमेट शोधा. नवीन भोक पाडलंच तर रबराशिवाय केबल घालायची नाही. बॉनेटमध्ये वर फ्लेक्सिबल पाइप चढवा, एक्झॉस्ट आणि स्टीअरिंगच्या सांध्यापासून लांब ठेवा, पेडलच्या मागे लोंबू देऊ नका. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, मीटरही लावायचा नाही.

अर्थ: सीटबेल्टचा बोल्ट नको म्हणजे नकोच. तो ठरावीक टॉर्कला कसलेला असतो, त्याच्या आट्यांवर लॉकचं रसायन असतं आणि अपघातात माणसाचा भार तो घेतो. मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या बाजूला बॉडीचा जाड पत्रा शोधा. रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरने उघड्या पत्र्यापर्यंत घासा, स्टार वॉशर, एम८ बोल्ट, कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग. केबल प्लसइतकीच जाड, लांबी ५० सेंमीच्या आत, दोन्ही अँपचा अर्थ एकाच जागी. भोक पाडायच्या आधी खाली वाकून बघा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि जवळून ब्रेकच्या नळ्या जातात.

कळवा_पूल:
मृदुलाताई, अर्थ चांगला झालाय की नाही हे कसं तपासायचं? मीटरने ओहम मोजले की शून्यच येतात.

मृदुला_बेलापूर:
ओहमने कळणार नाही, साध्या मीटरच्या पिनांचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. सिस्टीम जोरात चालू ठेवा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर, एक पिन अँपच्या ग्राउंड टर्मिनलला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट, पत्रा किंवा बॉनेटमधली बॅटरी ते बॉडी पट्टी यांतलं काहीतरी कच्चं आहे. कंपनीची ती पट्टी बारीक असते. तीही २५ स्क्वेअरने डबल करावी, नाहीतर मागे ओतलेलं तांबं पुढे येऊन अडतं.

ओहमवाला_पनवेल:
सबचं उत्तर राहिलं. तुमच्या कॉइल ४ अधिक ४. पॅरलल जोडल्या तर २ ओहम, सिरीज जोडल्या तर ८. अँप २ ओहमवर ५०० देतो, म्हणून पॅरलल. दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र. ८ ओहमवर अँप बिघडणार नाही, पण साधारण दीडशे वॅटच हाती येतील.

जोडून झालं की अँपला लावायच्या आधी पेटीच्या टर्मिनलवर मीटर लावा. ४ ओहमची कॉइल डीसीला साडेतीनच्या आसपास दाखवते, त्यामुळे पॅरललला १.७ ते १.८ यायला हवं. साडेतीन दिसलं तर एक कॉइल सुटलेली आहे. सात दिसलं तर सिरीज झाली आहे.

यात एक चूक मीटर पकडत नाही: एका कॉइलचं प्लस-मायनस उलटं झालं तर रीडिंग बरोबर येतं, पण दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात, कोन हलत नाही आणि कॉइल जळते. म्हणून पेटीच्या तारांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन ठसठशीत बाहेर येतो. दारांच्या मिडबासलाही हीच चाचणी करा, ट्वीटरला करू नका.

दुकानात २ अधिक २ कॉइलचा सब गळ्यात मारत असतील तर घेऊ नका. पॅरललला १ ओहम होईल आणि तुमचा अँप प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला बंद करेल. सिरीजला ४ होईल आणि फक्त ३०० वॅट मिळतील.

कोपरी_कट्टा:
आणि चार चॅनलचा अँप ब्रिज करून सब चालवला तर मोनो अँपचा खर्च वाचेल की.

ओहमवाला_पनवेल:
वाचेल, पण हा सब तिथे बसत नाही. ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडल्यावर, प्रत्येक चॅनलला सबच्या निम्मेच ओहम दिसतात. स्टीरिओत २ ओहम झेपणारा अँप ब्रिजमध्ये कमीत कमी ४ ओहम मागतो, आणि ह्या सबचे पर्याय २ आणि ८ एवढेच. ब्रिज करायचंच असेल तर ४ ओहमचा एक कॉइलवाला सब हवा.

दिवा_लोकल:
एक फॅरडचा कपॅसिटर टाकला की लाइट मिणमिणायचं थांबतं म्हणतात. खरं का?

बारा_व्होल्ट:
हिशेब करू. व्होल्टेज १४ वरून १२.५ वर येईपर्यंत एक फॅरड कपॅसिटर सुमारे २० ज्यूल देतो. ६०० वॅटची तूट असेल तर ती ऊर्जा ०.०३ सेकंदात संपते. ठोका त्याहून लांब असतो, आणि नंतर तोच कपॅसिटर पुन्हा भरायला करंट मागतो. दिवे मिणमिणतात कारण आल्टरनेटर कमी पडतोय किंवा अर्थ कच्चा आहे. घोडबंदरला सिग्नलवर एसी, रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट चालू असतात, हॅलोजन हेडलाइटची जोडीच ९ अँपिअर खाते, आणि आयडलिंगला आल्टरनेटर त्याच्या लेबलवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी देतो. तेच पैसे तीन तारांत घाला: आल्टरनेटर ते बॅटरी प्लस (हिलाही स्वतःचा फ्यूज हवा), बॅटरी मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. तरीही कपॅसिटर लावलाच तर रिकामा असताना थेट प्लसला टेकवू नका, मोठी ठिणगी पडते. आधी १२ व्होल्टच्या बल्बमधून भरा, बल्ब विझला की जोडा.

ऐरोली_सेक्टर:
थोडं अवांतर. सीएनजी गाडीत डिकी सिलिंडरने भरलेली असते. तिथे काय करावं?

तुर्भे_एमआयडीसी:
अवांतर कसलं, आपल्याकडे अर्ध्या गाड्या सीएनजीवर आहेत. तिथे १२ इंची पेटीचा नाद सोडा. सीटखाली बसणारा ८ इंची ॲक्टिव्ह (आतच अँप असलेला) सब आणि दारांसाठी छोटा डी क्लास अँप, बस. सिलिंडरच्या स्टँडला अँपचा स्क्रू मारायचा नाही, अर्थही तिथे घ्यायचा नाही. गॅसची स्टीलची नळी ज्या बाजूने जाते त्याच्या उलट बाजूने केबल न्या. नळीला केबल टायने बांधलेली तर अजिबात नको. फ्यूज होल्डर किंवा डिस्ट्रिब्युशन ब्लॉक (एका केबलचे फाटे करणारा) सिलिंडरच्या व्हॉल्व्हजवळ ठेवू नका. आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टला सिलिंडर बाहेर काढावा लागतो, त्याच्या वाटेत वायरिंग आलं तर ते लोक सरळ कापतात.

सिग्नलचा_माणूस:
मूळ धाग्यात एक गोष्ट कोणी विचारली नाही: कंपनीच्या टचस्क्रीनला (हेडयुनिटला) आरसीए आउट, म्हणजे अँपला सिग्नल द्यायचे गोल सॉकेट, आहे का? बहुतेकांना नसतो. मग सिग्नल स्पीकरच्या तारांवरून घ्यावा लागेल. अँपला हाय लेव्हल इनपुट असेल तर थेट, नसेल तर एलओसी (स्पीकरचा सिग्नल आरसीएसाठी उतरवणारा डबा). दोन्ही तारा न्यायच्याच. कंपनीच्या हेडयुनिटचं स्पीकर मायनस म्हणजे अर्थ नव्हे, दोन्ही तारांवर साधारण ६ व्होल्ट डीसी उभे असतात. मायनस बॉडीला टेकवलं की आतली आयसी जाते. त्याच ६ व्होल्टवर बरेच अँप स्वतःहून चालू होतात, तेव्हा रिमोटची तार लागत नाही. लागलीच तर चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या सर्किटवरून १ अँपिअरचा फ्यूज टाकून घ्या.

तारा कापू नका. मॉडेलचा मेल-फिमेल कपलर हार्नेस मिळतो, लॅमिंग्टन रोडला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा. मूळ तार अखंड राहिली की वॉरंटीवर वाद होत नाही, गाडी विकताना सगळं उतरवताही येतं. विमा कंपनीलाही कळवून ठेवा. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सामानासाठी पॉलिसीत आयएमटी २४ हे वेगळं कलम जोडावं लागतं, नाहीतर चोरी किंवा आगीत त्याचे पैसे मिळत नाहीत.

दिवा_लोकल:
ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी शीळ येते ती कशामुळे?

सिग्नलचा_माणूस:
दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक पडला की ती शीळ आरसीएच्या जाळीतून आत शिरते. शोधायचं असं. इंजिन चालू, आरसीए अँपमधून काढा. शीळ गेली तर दोष अँपच्या पुढे, म्हणजे आरसीए किंवा हेडयुनिटकडे. राहिली तर अँपचा अर्थ. फोन ऑक्स केबलने जोडून त्याच वेळी सिगारेट सॉकेटवर चार्ज होत असेल तर आधी ब्लूटूथवर ऐकून पाहा, अनेकदा शीळ तिथूनच येते. आरसीए उजव्या दाराच्या कडेने, पॉवर डाव्या कडेने. छेदायच्याच असतील तर काटकोनात. ग्राउंड लूप आयसोलेटर हा शेवटचा उपाय, स्वस्तातला आयसोलेटर खालचा बास खातो.

नितळ_आवाज:
गेनबद्दल कोणी बोललं नाही. ती आवाजाची कळ नाही. हेडयुनिटच्या व्होल्टेजशी अँप जुळवायचा तो स्क्रू आहे. स्पीकर ‘जास्त वॅटने’ उडतात त्याहून जास्त क्लिपिंगने उडतात.

स्पीकर काढा. बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, हेडयुनिट ७५ टक्क्यांवर, यूएसबीवरून ० डीबीचा ५० हर्ट्झ टोन. मीटर एसी व्होल्टवर अँपच्या आउटपुटला. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. मोनोसाठी ५०० गुणिले २, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. चार चॅनलसाठी ७५ गुणिले ४, म्हणजे १७.३. तिथे गेन थांबवा. चार चॅनलचं मोजताना हायपास (खालचे सूर कापणारा फिल्टर) बंद ठेवा आणि ५० हर्ट्झच वापरा, कारण स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर कमी दाखवतात आणि मग गेन नकळत जास्त होतो. नंतर दारांना ८० हर्ट्झ हायपास, सबला ८० हर्ट्झ लोपास (वरचे सूर कापणारा).

कंपनीचं हेडयुनिट आहे म्हणून एक जादा तपासणी: बरीच युनिटं आवाज वाढवला की बास स्वतःहून कमी करतात. मधल्या आणि मोठ्या आवाजाला ५० हर्ट्झ आणि २०० हर्ट्झ दोन्ही मोजा. फरक वाढत गेला तर तो बदल युनिटमधला आहे, गेन पिळून सुटणार नाही.

कोपरी_कट्टा:
कानाने लावलेला गेन इतका वाईट नसतो.

नितळ_आवाज:
दारं आणि सब यांचा मेळ कानानेच घालायचा, पण मीटरने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली. बासमधलं थोडं क्लिपिंग कानाला ‘दणका वाढला’ असं वाटतं. कॉइलला ते जाळतं.

खारेगाव_टोल:
पावसाळ्याचं लिहा कोणीतरी. अँप पुढच्या सीटखाली बसवण्याआधी दोनदा विचार करा. साचलेल्या पाण्याखेरीज एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी डावीकडचं कार्पेट भिजतं. फायरवॉलमधून आत येणाऱ्या केबलला बाहेरच्या बाजूने खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा ब्युटाइलने (चिकट रबरी पट्टीने) परत घट्ट बसवा, नाहीतर पाणी थेट स्पीकरच्या मागे. खाडीच्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, टिन केलेली थिंबलं त्यासाठीच. अँप पेटीवर स्क्रूने मारू नका, प्लायच्या वेगळ्या पाटावर बसवा. आणि आपल्या खड्ड्यांत महिन्याभरानंतर सगळे बोल्ट एकदा परत कसा.

मानपाडा_नाका:
सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा असा झाला: बॅटरी मायनस काढून काम सुरू, ८० अँपिअर मिनी एएनएल, २५ स्क्वेअर तांबं डाव्या कडेने, डिकीत डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, तिथून मोनोला १६ आणि चार चॅनलला १० स्क्वेअर. दारांना दीड स्क्वेअरची वायर, सबला चारची. सब पॅरलल २ ओहम. अर्थ डिकीत एका बोल्टला. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर कंपनीचा एक छोटा काळा डबा आहे, बॉडी पट्टी डबल करताना तो अडतोय.

बारा_व्होल्ट:
दोन दुरुस्त्या. ब्लॉक फ्यूजवाला घ्या. तार बारीक झाली की तिथे तिच्या मापाचा फ्यूज लागतो: १६ ला ६०, १० ला ४०.

तो काळा डबा बॅटरी सेन्सर आहे, आयडल स्टॉप आणि स्मार्ट हायब्रिड गाड्यांत असतो. बॅटरीतून किती करंट गेला हे तो मोजतो. म्हणून जादा पट्टी बॅटरीच्या खांबाला थेट लावायची नाही. सेन्सरच्या बॉडीकडच्या टोकाला लावा, म्हणजे सगळा करंट त्याच्यातूनच जाईल. नाहीतर गाडी बॅटरीचा हिशेब चुकवते आणि चार्जिंग बिघडतं.

मुख्य फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा. त्याआधी मीटर कंटिन्युइटीवर ठेवून, ब्लॉकचे फ्यूज काढून, प्लस केबल आणि बॉडी तपासा. बीप आला तर कुठेतरी साल निघालंय.

मानपाडा_नाका:
दोन्ही बदल केले. पेटी पोर्टवाली आहे, ३२ हर्ट्झला ट्यून केलेली. सबसॉनिक (अगदी खालचे सूर कापणारा फिल्टर) किती ठेवू?

ओहमवाला_पनवेल:
२५ ते २८ हर्ट्झ. ट्यूनिंगच्या खाली पोर्ट कोनला धरून ठेवत नाही, कोन मोकाट हलतो आणि वॅट मर्यादेत असूनही सब फाटतो. ही कळ बंद ठेवून पोर्टवाली पेटी चालवायचीच नाही.